डॅशबोर्डवरचा मानकरी

मोबाइलकडे बघू नका. त्याला फक्त दिसतं. बोलतोय तो मी, त्याच्याखालचा दांडा.

पांढऱ्या सात सीटच्या गाडीत, डॅशबोर्डच्या अगदी मधोमध, दोन नटबोल्टांवर मी उभा आहे. कुणी मला होल्डर म्हणतं, कुणी स्टँड. घरातली नात मला दांडूमामा म्हणते. काहीही म्हणा. पण ‘आष्टा ते कुठंही’ या चॅनेलवर तुम्हाला जे जे दिसतं, ते न हलता दिसतं ते माझ्यामुळे. आता तुम्ही म्हणाल, काय हा बढाईखोर दांडा! असू दे. ज्यानं काम केलंय त्यानं थोडी बढाई मारली तर बिघडलं कुठं?

माझा जन्म पुठ्ठ्याच्या खोक्यातला नाही. मूळचा मी बुलेटच्या आरशाचा दांडा. माझे मालक नाथाजी आष्ट्याचे. फौजेत चोवीस वर्षं ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून घरी आले. घरी आल्यावर घेतलेली बुलेट पुढं विकली, तेव्हा नव्या माणसानं आपल्या आवडीचे आरसे बसवून घेतले आणि मी नाथाजींच्या गोठ्यातल्या फळीवर येऊन पडलो. चार वर्षं मी तिथं पडून होतो. कोंबड्या माझ्यावर बसायच्या. त्या दिवसांविषयी मी फारसं बोलत नाही.

नाथाजींचं घर लहान नाही, पण गाडीत मावेल एवढंच. बायको चंद्राबाई, सून संयोगिता आणि सात वर्षांची नात प्रियदर्शनी. मुलगा वीरधवल बापाच्या वाटेनं फौजेत गेलेला. त्याची पोस्टिंग अशा डोंगरात आहे, की तिथं फोनला रेंज आली तर सणासारखं वाटतं.

नोकरीत असताना नाथाजींनी अर्धा देश चाकाखाली घातला, आणि चंद्राबाईंनी कऱ्हाडच्या पलीकडचं काही पाहिलं नव्हतं. म्हणून गाडी आली तशी नाथाजींनी रीत पाडली, की ऊस कारखान्याला गेला, हात मोकळे झाले, की सगळ्यांना घेऊन निघायचं. पहाटे पाच म्हणजे पाच. पाच वाजून दोन मिनिटांनी येणाऱ्याला ते घड्याळ दाखवायचे, तोंडानं एक शब्द बोलायचे नाहीत. त्यापेक्षा बोललेलं बरं, असं संयोगिता म्हणायची.

मग एकदा वीरधवल फोनवर म्हणाला, की तुम्ही सगळे फिरता आणि मला नुसते चार फोटो मिळतात, जरा नीट व्हिडिओ काढून टाकत जा. एवढ्या एका वाक्यावर संयोगितानं व्लॉग शिकायचं मनावर घेतलं. नवऱ्यासाठी सुरू केलं हे ती कुणाला सांगत नाही. मला ठाऊक आहे, कारण सगळ्यात आधी तिचा चेहरा माझ्यापुढे असतो.

तिनं आधी बाजारातून प्लास्टिकचा होल्डर आणला होता, काचेला चिकटणारा. पेठ नाका यायच्या आतच एका स्पीडब्रेकरला तो सुटला आणि मोबाइलसकट चंद्राबाईंच्या चिवड्यात पडला. नाथाजी म्हणाले, गाडीत डुगडुगणारी वस्तू चालायची नाही. घरी आल्यावर गोठ्यात गेले, माझ्यावरची घाण पुसली आणि मला घेऊन हरिबाच्या वेल्डिंगच्या दुकानात गेले. हरिबानं माझ्या डोक्यावर चिमटा बसवला, नाथाजींनी त्याला आतून सायकलच्या ट्यूबचं रबर लावलं. मोबाइलला ओरखडा येऊ नये म्हणून. ते रबर त्यांनी तीनदा कापलं, तिसऱ्यांदा मनासारखं झालं. माझा बाप कोण, असं कुणी विचारलं तर मी नाथाजींचंच नाव सांगेन.

आता शिकणं म्हणजे काय असतं ते ऐका. पहिल्याच सहलीत संयोगितानं वाईच्या घाटावर पाऊण तास शूटिंग केलं. देऊळ दाखवलं, नदी दाखवली, प्रियदर्शनीला भेळ खाताना दाखवलं. परत गाडीत बसून बघते तर काय, लाल बटण दाबलंच नव्हतं. दुसऱ्या वेळी दाबलं, पण मोबाइल खिशात टाकताना बंद केलं नाही. वीस मिनिटं नुसता काळोख आणि आतून चंद्राबाईंचा आवाज, की वांगी काय भाव. वीरधवलनं तोही व्हिडिओ दोनदा बघितला म्हणे.

बोलण्याची तर आणखी तऱ्हा. घरात ही बाई नळ सोडल्यासारखी बोलते, आणि समोर मोबाइल आला, की बातम्या वाचायला बसल्यासारखी ताठ. ‘हॅलो फ्रेंड्स, आज आपण जाणार आहोत.’ कोण फ्रेंड्स? बघणारा एक नवरा आणि त्याच्या बराकीतले चार जण! माणसांचं मला नवल वाटतं. घरच्यांशी तोंड वाकडं करून बोलतील, आणि लाल ठिपका लागला की साखर पेरतील. केस विंचरायला तर प्रत्येक जण माझ्यापुढे येतो, आरशाचा दांडा म्हणून असेल.

नाथाजींचं आणखी एक. फौजेत त्यांच्या अंगात भिनलं होतं, की पूल, धरण, रेल्वे यांचे फोटो काढायचे नाहीत. त्यामुळे पूल आला, की त्यांचा डावा तळवा मोबाइलपुढे यायचा. आमच्या भागात कृष्णा आहे, कोयना आहे, वारणा आहे, ओढे तर विचारूच नका. संयोगितानं मोजले, पहिल्या व्लॉगमध्ये तळवा अकरा वेळा आलाय. ती म्हणाली, मामा, हा पूल सगळ्या जगानं बघितलाय. सासऱ्यांना ती मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या, आमच्याकडची रीत आहे. मामा म्हणाले, जगानं बघितला असंल, आपण दाखवायचा न्हाई.

हळूहळू जमायला लागलं. ती कापायला शिकली, जोडायला शिकली. घरात टीव्हीचा आवाज, म्हणून दुपारी शेडमध्ये उभ्या गाडीत येऊन बसायची आणि माझ्या खांद्यावर मोबाइल ठेवून एडिटिंग करायची. वीरधवलच्या बराकीच्या बाहेरचेही लोक बघायला लागले. सज्जनगडाच्या व्लॉगला तर अनोळखी माणसांनी लिहिलं, की ताई, रस्ता फार छान दाखवता. रस्ता कोण दाखवत होतं? जाऊ द्या.

एकच तक्रार राहिली होती. आवाज.

चंद्राबाई मागच्या सीटवर, डाव्या खिडकीशी बसायच्या, आणि त्यांचं तोंड बंद नसायचं. ‘आवं, डाव्या अंगाला बैलगाडी हाय.’ ‘आवं, डावीकडनं म्हातारं येतंय.’ ‘आवं, ट्रॉली, ट्रॉली.’ संयोगिता छान काहीतरी सांगत असायची, आणि मध्येच ‘आवं’. घरी येऊन ती ते सगळे तुकडे कापून टाकायची. नाथाजीही वैतागायचे. चोवीस वर्षं मी काय झोपून गाडी हाकली का, म्हणायचे. पण हात मात्र स्टिअरिंगवर जरासे उजवीकडे वळायचे.

त्या वेळी आम्ही चाफळला निघालो होतो. निघताना संयोगितानं मागं वळून अगदी गोडीत सांगितलं, की आत्या, आज मी बोलेन तेवढा वेळ तुम्ही काही बोलू नका हं, व्हिडिओ खराब होतो. चंद्राबाईंनी एकदा नवऱ्याच्या मानेकडे बघितलं. मग म्हणाल्या, बरं. संयोगिता तोवर पुढं वळली होती. तिला त्यांचा चेहरा दिसला नाही. मला दिसला, आणि मला काही कळलं नाही, याची लाज मला अजून वाटते.

उंब्रजला हायवे सोडला. सकाळची वेळ, दोन्ही बाजूंना ऊस. संयोगिता बोलत होती आणि खरंच, इतकं छान ती आधी कधी बोललीच नव्हती. कॅमेरा रस्त्याकडे वळवलेला, आणि तिचं सगळं लक्ष बोलण्यात. डावीकडच्या पाणंदीतून एक दूधवाला मोटारसायकलवर येत होता, दोन्ही अंगांना किटल्या बांधलेला. मला दिसला. चंद्राबाईंना दिसला. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला होता. नाथाजींनी वेग कमी केला नाही.

मग चंद्राबाई किंचाळल्या. ब्रेक लागला. माझ्या दोन्ही बोल्टांना हिसका बसला, पण मी मोबाइल सोडला नाही. दूधवाला शेजारच्या चरात गेला, एक किटली फुटून रस्ता पांढरा झाला. देवाची कृपा, माणसाला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. प्रियदर्शनी मागं रडायला लागली. नाथाजी खाली उतरले, आधी त्याला हात देऊन उठवलं आणि मग त्याच्यावरच ओरडले, की बघून येत न्हाईस व्हय रं? तो बिचारा म्हणाला, की मी हॉर्न देत होतो. सगळ्यांना वाटलं, पाणंदीतून एकदम आला, त्याची चूक. चाफळला दर्शन घेतलं आणि परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी संयोगिता गाडीत येऊन बसली. तो तुकडा कापायचा म्हणून तिनं लावला आणि तिचं बोट थांबलं. दूधवाला एकदम आला नव्हता. सात सेकंद तो पडद्यावर होता. उन्हात, उघड्यावर, किटल्या चमकवत. तिनं परत लावला. तिसऱ्यांदा लावला. मग ती जुन्या व्हिडिओंकडे गेली, तिनं टाकून दिलेल्या तुकड्यांकडे. सज्जनगड, ‘आवं, डाव्या अंगाला.’ वाई, ‘आवं, डाव्या अंगाला.’ प्रत्येक वेळी डावीकडेच. उजवीकडचं त्या बाईनं कधी काही सांगितलंच नव्हतं.

संयोगितानं चंद्राबाईंना गाडीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि मोबाइल दाखवला.

“मला ठावं हाय गं,” त्या म्हणाल्या. “दोन वरीस झाली. पेपर वाचत्यात, समोरचं सगळं दिसतंय. डावीकडचं न्हाई दिसत त्येन्ला.”

संयोगितानं विचारलं, मग सांगितलं का नाही?

“काय सांगू? गाडी काढून घेतली तर त्यांच्यापाशी राहतंय काय? म्हटलं, मी हाय की बघायला.”

संयोगिता रडली. मी गप्प बसवलं तुम्हाला, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मीही हललो. ज्या माणसानं मला कोंबड्यांच्या खालून उचलून मान दिला, त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायची वेळ माझ्यावरच आली होती. हातात असतं तर त्या दिवशी मी मोबाइल खाली पाडला असता. पण सात सेकंदांचा तो दूधवाला, आणि मागच्या सीटवरची ती सात वर्षांची पोर. नाही पाडला, तेच बरं झालं.

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं नाथाजींना गाडीत बसवलं, त्यांच्याच सीटवर. आधी चाफळचा तुकडा लावला. बघ, म्हणलं न्हवतं का, त्याचीच चूक हाय, ते म्हणाले. तिनं पुन्हा लावला. या वेळी ते पुढं वाकून बघत राहिले. मग तिनं जुने तुकडे एकामागून एक लावले. त्यात दिसण्यासारखं काही नव्हतं, फक्त रस्ता आणि त्यांच्या बायकोचा आवाज. आवं, आवं, आवं. नाथाजी ऐकत राहिले. मग खाली उतरले, बादली आणली आणि गाडी धुतली. स्वच्छ होती, तरी धुतली. चाकंसुद्धा फडक्यानं पुसली.

दोन दिवस गाडी शेडमध्येच उभी राहिली. तिसऱ्या दिवशी नाथाजी म्हणाले, मिरजेला जायचं, डोळ्यांच्या डॉक्टरकडं.

गाडी त्यांनीच चालवली. आष्टा ते मिरज, चंद्राबाईंनी डावी बाजू एकसारखी सांगितली, आणि ते प्रत्येक वेळी ‘व्हय’ म्हणाले. एकदासुद्धा वैतागले नाहीत. त्या दिवशी मोबाइल लावलेला नव्हता, पण असा प्रवास मी दुसरा पाहिला नाही.

दवाखान्यात काय झालं ते मला बाहेर उभं राहून कळणार कसं? पण गाडीपाशी परत आल्यावर संयोगितानं तिला टेकून वीरधवलला फोन केला, तेव्हा सगळं ऐकलं. त्यांना खुर्चीवर बसवून समोरचा तक्ता वाचायला सांगितला. नाथाजींनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या बारीक ओळीपर्यंत खाडखाड म्हणून दाखवला. डॉक्टरबाई म्हणाल्या, काका, मी तक्त्याचा दिवा अजून लावलेलाच नाही. फौजेत डोळे कमी निघाले, की मेडिकल कॅटेगरी खाली जाते आणि हातातली गाडी जाते, म्हणून त्यांच्या वेळचे कितीतरी ड्रायव्हर तक्ता पाठ करून ठेवायचे. निवृत्तीनंतर गावातल्या दोन नेत्रशिबिरांतही हे असेच पास झाले होते. वीरधवल फोनवर हसला आणि मग त्याचा आवाज बदलला. संयोगितानं पुढचं सांगितलं, की काचबिंदू आहे. डावीकडचं दिसणं बरंचसं गेलंय, ते परत येणार नाही. उरलंय ते थेंबांनी टिकेल. गाडी मात्र चालवायची नाही, अजिबात नाही.

फोन ठेवला. नाथाजी सवयीनं उजव्या दाराशी आले, दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. एका हातात किल्ली, दुसरा हात स्टिअरिंगवर. मी त्यांच्या इतक्या जवळ होतो, की त्यांच्या श्वासाचा आवाज येत होता. मला वाटलं, आता बसणार. या माणसाला कोण अडवणार होतं?

त्यांनी किल्ली संयोगिताच्या हातात ठेवली. तिच्याकडे लग्नाच्या आधीपासून लायसन होतं, माहेरी ती ट्रॅक्टरसुद्धा चालवायची, पण या घरात तिला गाडी धुवायलाही ही किल्ली कुणी दिली नव्हती. नाथाजी पुढून वळसा घालून डाव्या सीटवर येऊन बसले. पट्टा लावला. म्हणाले, मोबाइल लाव.

तिनं लावला. त्यांनी स्वतःच्या हातानं मला आपल्याकडे वळवलं. लाल ठिपका लागला का, विचारलं. मग शर्टाची कॉलर नीट केली आणि बोलले. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

“मी माजी हवालदार नाथाजी, आष्टा. चोवीस वर्सं फौजेची गाडी हाकली, एकदा बी ठोकली न्हाई. आता माझं डोळं डाव्या अंगाला दगा देत्यात. मला कळत हुतं आन मी लपवलं. परवा एका गरिबाच्या अंगावर गाडी घालणार हुतो, वर त्यालाच वरडलो. चूक माझी हुती. फौजेत ड्रायव्हरच्या शेजारी को-ड्रायव्हर असतो. त्यानं झोपायचं न्हाई, रस्ता सांगायचा. माझा को-ड्रायव्हर दोन वरीस मागच्या सीटवर हुता, आन मी तिला कटकट म्हणत हुतो. आजपासनं गाडी माझी सून चालवंल. को-ड्रायव्हर मी.”

संयोगितानं किल्ली फिरवली, गाडी दोनदा बंद पडली. क्लच सावकाश सोड, घाई कुणाला हाय, नाथाजी म्हणाले. तिसऱ्यांदा आम्ही निघालो.

तो व्हिडिओ तिनं न कापता टाकला. बंद पडलेली गाडीसुद्धा ठेवली. आता तुम्हाला आकडे सांगत बसत नाही, पण सातारा-सांगलीत फौजेतून आलेले ड्रायव्हर गावोगाव आहेत. एकाच्या सुनेनं लिहिलं, आमच्या आबांनीही तक्ता पाठ केला होता, आज मिरजेला घेऊन आलोय. दुसऱ्यानं लिहिलं, तिसऱ्यानं लिहिलं. आणि चाफळच्या त्या दूधवाल्यानंही लिहिलं, की काका, मी बरा हाय, परत कवा आला तर चहाला या. नाथाजींनी ते चारदा वाचून घेतलं. त्या दिवसापासून मी डोकं खाली घातलेलं नाही. मी साक्ष दिली खरी, पण माझ्या मालकानं ती खाली मान घालून ऐकली नाही, कॉलर नीट करून स्वतःच्या तोंडानं जगाला सांगितली. असा मालक कुणाला मिळतो?

आता शूटिंगही तेच करतात. संयोगिता चालवते, ते बटण दाबतात आणि रस्ता सांगतात. पुढं वळण हाय, गतिरोधक हाय, इथं एका साली आमचा टायर फुटला हुता. लोकांना तेच आवडतं. ‘हॅलो फ्रेंड्स’ कधी गळून पडलं ते कळलंही नाही. माझ्या चिमट्याचं रबर झिजलंय, एक बोल्ट गंजलाय. गंजू द्या. मला बदलायची भाषा अजून कुणी केलेली नाही.

एक विनंती करतो आणि थांबतो. तुमच्याही गाडीत मागं बसून कुणी सारखं ‘जपून, जपून’ म्हणत असेल, तर गप्प बस म्हणायच्या आधी एकदा विचारा, की तुला काय दिसतंय.

गेल्या महिन्यात आम्ही जतला निघालो होतो, नाथाजींच्या फौजेतल्या जोडीदाराकडे, बिराप्पाकडे. ऊस मागं राहिला, मोकळं रान लागलं, ज्वारी, मेंढरं, पाण्याचा एखादा टँकर. संयोगिता सत्तरच्या वेगानं सरळ चालवत होती आणि नाथाजी मोबाइलकडे बघून बिराप्पाच्या गावाविषयी सांगत होते. सांगता सांगता ते थांबले. मागून काहीच आवाज येत नव्हता. त्यांनी मान वळवून बघितलं, मग मला धरून हळूच मागं फिरवलं.

चंद्राबाई झोपल्या होत्या. डोकं खिडकीला, तोंड जरासं उघडं, नातीचा पाय मांडीवर. दोन वर्षांत ती बाई चालत्या गाडीत एकदाही झोपली नव्हती.

“बोलू नको आता,” नाथाजी हलक्या आवाजात सुनेला म्हणाले. “तिला जतपातूर झोपू दे.”

लाल ठिपका चालूच होता. मी मोबाइल घट्ट धरून ठेवला.